भुऱ्या आतल्या खोलीत का येत नाही?

पत्र

सप्रेम नमस्कार,

आमचा भुऱ्या आठ वर्षांचा आहे. मिश्र जातीचा, वजन साधारण २२ किलो. आठ वर्षांत त्यानं एकदाही कुणावर दात काढले नाहीत. गेले तीन महिने मात्र हा आमचा भुऱ्याच नाही असं वाटतं. आतल्या खोलीत पाऊल टाकत नाही. दाराशी येतो, मान खाली घालून आत बघतो, कधी एक पाय पुढे टाकून मागे घेतो आणि परत फिरतो. रात्री मध्येच उठून फरशी चाटत बसतो. कधीकधी छताच्या कोपऱ्याकडे टक लावून बघत राहतो, सासूबाई म्हणतात त्याला काहीतरी दिसतंय. मागच्या महिन्यात चमचा पडला तर टेबलाखाली जाऊन थरथरत बसला. पूर्वी शेजारी फुगा फुटला तरी कान हलवायचा नाही. दोन आठवड्यांपूर्वी मुलीनं (वय ११) नेहमीसारखी मागून मिठी मारली, तर गुरगुरला. आणि परवा सोफ्याशेजारी शू करून ठेवली. यजमान ओरडले तेव्हा कान पाडून, नजर चुकवून बसला, म्हणजे चूक कळते त्याला. यजमानांचं म्हणणं, फार लाडावलाय, एकदा धाक बसायला हवा, नाही सुधारला तर कुणाला तरी देऊन टाकू. मुलगी तेव्हापासून रडतेय. लसीसाठी डॉक्टरांकडे नेला तेव्हा तर अगदी टुणटुणीत होता. घराला रंग दिला, गालिचे वगैरे काढून ठेवले, तेव्हापासून हे सुरू झालं असं मला वाटतं, पण रंगाचा वास तर कधीच गेला. हा वेडाबिडा तर होत नाहीये ना?

एक वाचक

उत्तर

ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मीही तुमच्यासारखीच त्या खोलीत अडकले, की असं आहे तरी काय तिथं? दुसऱ्यांदा मुलीच्या मिठीपाशी थांबले. तिसऱ्यांदा शेवटाकडचे ते तीन-चार शब्द दिसले, जे तुम्ही जाता जाता लिहून गेलात: गालिचे वगैरे काढून ठेवले. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या गालिच्यांतच गुंडाळून ठेवलेलं असावं, असं मला वाटतं.

आधीच सांगते, मी पशुवैद्य नाही, आणि पशुवैद्य असते तरी पत्रावरून निदान केलं नसतं. माझं काम कुत्र्यांच्या वागण्याचा माग काढायचं. त्या नात्यानं एवढं म्हणेन की भुऱ्या वेडा होत नाहीये, लाडावलेला नाही आणि त्याला भूतही दिसत नाहीये. त्याला बहुधा दुखतंय. मागचे पाय, खुबे किंवा पाठ, तिथं कुठंतरी.

असं का वाटलं ते सांगते. तुम्ही लिहिलंय, दाराशी येतो आणि मान खाली घालून आत बघतो. खोलीतल्या एखाद्या वस्तूची, वासाची किंवा आवाजाची भीती वाटणारा कुत्रा त्या वस्तूकडे बघतो. मान वर असते किंवा पुढे ताणलेली, कान त्या दिशेला, अंगाचा भार मागच्या पायांवर, म्हणजे पळायची तयारी. भुऱ्या खोलीकडे बघतच नाहीये. तो फरशीकडे बघतोय. एक पाय पुढे टाकून मागे घेतो म्हणजे काय करतो? ओल्या फरशीवर आपण जे करतो तेच. निसरडं आहे का, ते चाचपतो.

गुळगुळीत फरशीवर कुत्र्याची नखं रुतत नाहीत. धडधाकट कुत्रा पाय सरकला तरी सावरतो आणि विसरून जातो. पण खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा झिजलेला असेल तर मागचा पाय बाहेरच्या बाजूला फाकतो, कळ येते, आणि एकदा आलेली कळ कुत्रा त्या जागेच्या नावावर लिहून ठेवतो. गालिचे होते तोवर हे दुखणं झाकलेलं राहिलं. गालिचे गेले आणि ते उघडं पडलं. रंगाचा यात काही दोष नाही.

आता मिठी. मुलगी मागून येते आणि गळ्यात पडते, म्हणजे तिचा भार त्याच्या कमरेवर येतो. सात-साडेसात वर्षं त्यानं ते गोड मानून घेतलं. (खरं सांगायचं तर बहुतेक कुत्र्यांना मिठी फारशी आवडत नाही, ते ती आपल्यासाठी सोसतात.) आता तिथं दुखतंय, म्हणून तो ‘नको’ म्हणाला. त्याच्या भाषेत ‘नको’ असंच म्हणतात.

आणि चमच्याचा आवाज? तुम्हाला तो वेगळाच प्रश्न वाटत असेल. मला तो याच माळेतला मणी वाटतो. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये आवाजाला घाबरणाऱ्या २० कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, त्यातल्या १० जणांना सांध्यांचं किंवा स्नायूंचं दुखणं होतं. दुखणाऱ्या कुत्र्यांत आवाजाची भीती बऱ्याच उशिरा, सरासरीनं जवळपास चार वर्षं उशिरा, सुरू झाली होती. त्यांनी मांडलेलं कारण असं की अचानक आवाज झाला की कुत्रा दचकतो, दचकला की स्नायू आखडतात, आखडले की दुखऱ्या सांध्यात कळ जाते. थोड्याच दिवसांत आवाज म्हणजे दुखणं असं समीकरण डोक्यात बसतं. लहानपणापासून भित्रा असलेला कुत्रा आणि आठव्या वर्षी अचानक भित्रा झालेला कुत्रा, हे दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत. त्याच विद्यापीठातले डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये लिहिलंय की वागणुकीच्या तक्रारी घेऊन त्यांच्याकडे येणाऱ्या प्राण्यांपैकी, अगदी हात आखडून मोजलं तरी, एक तृतीयांशांच्या बाबतीत कुठलं ना कुठलं दुखणं गुंतलेलं असतं.

मी स्वतः यात तोंडावर आपटलेली आहे. माझी एक कुत्री होती, चेंडूवेडी. एके दिवशी तिनं चेंडू आणून द्यायचं बंद केलं. धावायची, चेंडूपाशी पोचायची, नाकानं ढकलायची आणि तिथंच उभी राहायची. मी ठरवलं की ही हट्टी झालीय, मला खेळवतेय. चांगले आठ महिने मी तिला वेगवेगळे खाऊ दाखवून ‘शिकवत’ होते. मग दुसऱ्याच कारणासाठी तिला भूल दिली असताना डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं, तर मागची एक दाढ उभी चिरलेली. दाढ काढली आणि तीन आठवड्यांनी चेंडू माझ्या मांडीवर येऊन पडला. त्या आठ महिन्यांत ती जेवत होती, शेपूट हलवत होती, एकदाही कण्हली नाही. तेव्हापासून ‘दुखत असतं तर ओरडला असता’ हे वाक्य कुणी उच्चारलं की मला ती दाढ आठवते.

म्हणून लसीच्या वेळी भुऱ्या टुणटुणीत होता याला फारसा अर्थ नाही. दवाखान्यात अनोळखी वास, अनोळखी कुत्री, टेबल. त्या ताणात लंगडणारा कुत्राही चार पावलं सरळ चालतो. डॉक्टरांनी पाहिलेला भुऱ्या आणि रात्री दोन वाजता तुम्ही पाहता तो भुऱ्या, यांची गाठच पडलेली नाही. ती तुम्ही घालून द्यायची, आणि त्यासाठी फोन पुरेसा आहे. आज-उद्या काही व्हिडिओ काढा. फोन जमिनीलगत धरा, उभ्यानं वरून काढलेल्या व्हिडिओत कुत्र्याची पाठ सोडून काही दिसत नाही. तो झोपेतून उठतानाचा पहिला अर्धा मिनिट टिपा. पुढच्या पायांनी अंग ओढून मागचा भाग नंतर उचलतो का? पायऱ्या चढताना मागचे दोन्ही पाय सशासारखे जोडीनं टाकतो का? बसताना एक पाय बाजूला सोडून एकाच कुल्ह्यावर रेलतो का? सरळ रेषेत तुमच्याकडे येताना आणि पाठमोरा जाताना, दोन्ही बाजूंनी हवं.

आणि आज रात्री तो आडवा पडला की त्याच्या मागच्या पायांची नखं हातात घेऊन बघा. फक्त मधल्या दोन नखांचं टोक वरच्या बाजूनं घासलेलं, सपाट झालेलं दिसलं, तर तो चालताना पाय पूर्ण उचलत नाहीये. मग दोन्ही मांड्यांवरून एकाच वेळी तळहात फिरवा, दाबायचं नाही, नुसतं फिरवायचं. एक मांडी दुसरीपेक्षा बारीक लागली तर तो पाय तो वाचवतोय. हात फिरवताना त्यानं अंग चोरलं, जीभ ओठावरून फिरवली, जांभई दिली किंवा तोंड फिरवलं, तर थांबा. झोप नसताना आलेली जांभई बऱ्याचदा अवघडलेपणाची असते. तेही वहीत लिहा.

हो, वही करा. मी सगळ्यांना करायला लावते आणि निम्मे लोक वैतागतात. पण ‘हल्ली विचित्र वागतो’ या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. प्रत्येक वेळी तीनच गोष्टी: आधी काय घडलं, त्यानं काय केलं, नंतर काय झालं. उदाहरणार्थ, ‘रात्री २.१०. जेवून सहा तास. उठला, दोनदा गिळल्यासारखं केलं, फरशी चाटायला लागला, चार मिनिटं. दिवा लावल्यावर थांबला, पाणी प्यायला, झोपला.’ अशा दहा नोंदी झाल्या की तुम्हालाच काहीतरी दिसायला लागेल.

हे फरशी चाटण्याचं उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण तो धागा मला वेगळा वाटतो. सगळ्या कुलपांना एकच किल्ली लागली पाहिजे असा हट्ट नको. कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठात २०१२ मध्ये फरशी, भिंती, सोफा असं काहीबाही सतत चाटणाऱ्या १९ कुत्र्यांची तपासणी झाली, त्यातल्या १४ जणांच्या पोटात किंवा आतड्यात दोष सापडला. तोवर अशा चाटण्याला ‘सवय’ किंवा ‘चाळा’ म्हणून सोडून दिलं जायचं. माणसाला मळमळलं की तोंडाला पाणी सुटतं आणि तो गिळत राहतो. कुत्र्याचंही तसंच होतं, फक्त तो जीभ फरशीला लावतो. भुऱ्या चाटण्याआधी गिळतो का, रात्रीच चाटतो की जेवणानंतरही, सकाळी पिवळं पाणी ओकतो का, हे वहीत यायला हवं. आणि एक विचारून ठेवते. घरात कुणी त्याला माणसांची वेदनाशामक गोळी तर देत नाही ना? प्रेमापोटी देतात लोक. आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल कुत्र्याला देऊ नये. पहिल्यानं पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं जाऊ शकतात, दुसऱ्यानं यकृत आणि रक्त बिघडतं.

छताच्या कोपऱ्याकडे बघण्याबद्दल सासूबाईंना सांगा की त्या अगदीच चुकीच्या नाहीत. काहीतरी असू शकतं, पण ते दिसत नसून ऐकू येत असावं. आपले कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत पोचतात, कुत्र्याचे साधारण ४५,००० पर्यंत. जुनाट चार्जर, मरणपंथाला लागलेली ट्यूब, छतातली उंदराची खुडबुड, बॅटरी संपत आल्यावर अधूनमधून टुक करणारा धुराचा अलार्म, या सगळ्यांनी त्याचं घर भरलेलं आहे. तो बघत असताना त्या बाजूची उपकरणं एकेक करून बंद करा. एखादं बंद केल्यावर तो जागचा हलला, तर भूत सापडलं.

पण काहीही बंद केलं तरी तो तसाच राहिला, हाक मारल्यावर वळला नाही, किंवा न दिसणारी माशी पकडल्यासारखा हवेत जबडा मिटायला लागला, तर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. त्यामागे फेफऱ्याच्या झटक्याचा सौम्य प्रकार असू शकतो, आणि गंमत म्हणजे पुन्हा पोटही असू शकतं. त्याच माँट्रियलच्या गटानं माशी पकडणारे सात कुत्रे तपासले, सातही जणांच्या पोटात काही ना काही बिघाड निघाला.

म्हातारपणाचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण ‘वेडाबिडा’ हा शब्द वापरलात म्हणून सांगते. कुत्र्यांना म्हातारचळासारखा आजार होतो. दाराच्या बिजागरीच्या बाजूला जाऊन उभं राहणं, फर्निचरच्या मागे अडकणं आणि मागे यायचं न सुचणं, रात्रीचा दिवस करणं, घरच्यांना न ओळखणं, शिस्त विसरणं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातल्या २००१ च्या अभ्यासात ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत यातलं किमान एक लक्षण सापडलं, १५-१६ वर्षांच्यांत ६८ टक्के. आठव्या वर्षी मी तिथवर जाणार नाही. तुमचा भुऱ्या गोंधळलेला नाहीये. त्याला नीट ठाऊक आहे, कुठं जायचं नाही ते.

आता सोफ्याशेजारची शू. यजमानांना वाटतं तो मुद्दाम करतो, कारण ओरडल्यावर त्यानं कान पाडले. या चेहऱ्यावर एक सुरेख प्रयोग झालेला आहे. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्रे आणि त्यांचे मालक घेतले. मालकानं खाऊला हात लावायचा नाही असं बजावून खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर त्याला कधी सांगायचे की कुत्र्यानं खाऊ खाल्ला, कधी की नाही खाल्ला, आणि हे सांगणं प्रत्येक वेळी खरं नसायचं. ‘अपराधी’ चेहरा कधी दिसला? मालक रागावला तेव्हा. खाऊ खाल्लाय की नाही याच्याशी त्याचा संबंध नव्हता, उलट काहीच न करता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांत तो जास्त ठळक दिसला. तेव्हा भुऱ्यानं नजर चुकवली ती कबुली नव्हती. एक मोठा माणूस रागावलाय, तो शांत व्हावा, यासाठी कुत्रा जे जे करू शकतो ते त्यानं केलं.

आठ वर्षं स्वच्छ राहिलेला कुत्रा घरात शू करतो तेव्हा आधी लघवी तपासायची. मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास, किंवा मागचे पाय दुखत असल्यानं बाहेर नीट बसताच न येणं, यातलं काहीही असू शकतं. तो पाणी किती पितो ते मोजा: सकाळी मापानं भांडं भरायचं, मध्ये घातलेलं लिहायचं, चोवीस तासांनी उरलेलं वजा करायचं. किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटरपेक्षा जास्त, म्हणजे भुऱ्याच्या बाबतीत २.२ लिटरच्या वर जात असेल, तर ते नक्कीच जास्त आहे. आकडा लिहून न्या, ‘खूप पितो’ असं सांगू नका.

यजमानांशी जरा थेट बोलते. धाक दाखवण्याच्या कल्पनेचं मूळ लांडग्यांत आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण लिहिलं, त्यातून ‘कळपाचा म्होरक्या’ जन्माला आला, आणि पुढे तो कुत्र्यांच्या मालकांच्या डोक्यात जाऊन बसला. ही कल्पना पसरवण्यात ज्यांचा वाटा होता त्या डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की मोकळ्या रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. कुणी कुणावर सत्ता गाजवून तिथं पोचलेलं नसतं. आणि धाकाचा परिणाम काय होतो हेही मोजलेलं आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वागणुकीची तक्रार घेऊन आलेल्या १४० मालकांच्या उत्तरांवरून २००९ मध्ये दिसलं की ज्यांनी कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली, त्यांच्यातल्या ४३ टक्क्यांवर कुत्रा उलटला. नुसतं कुत्र्यावर गुरगुरून पाहणारेही होते, त्यांच्यात ४१ टक्के. (तुमच्या यजमानांनी हे केलेलं नाही असं गृहीत धरते.)

गुरगुरणं मोडून काढू नका, ही माझी तुम्हा दोघांनाही कळकळीची विनंती. भुऱ्यानं मिठी नको हे सांगताना चावा घेतला नाही, आधी आवाज दिला. तो आवाज शिक्षा करून बंद पाडला तर दुखणं तसंच राहील, फक्त सूचना मिळायची बंद होईल. ‘काही न करता एकदम चावला’ म्हणून जे कुत्रे माझ्याकडे येतात, त्यातल्या बऱ्याच जणांचं गुरगुरणं आधी कुणीतरी ओरडून ओरडून बंद केलेलं असतं.

मुलीला समजावताना ‘भुऱ्या आता चावेल’ असं सांगू नका. ‘भुऱ्याची कंबर दुखतेय, म्हणून काही दिवस मिठी नाही’ हे अकरा वर्षांच्या मुलीला चांगलं कळतं. तिला एक खेळ शिकवा. तिनं बाजूला बसायचं, तो आपणहून आला तर छातीवर किंवा गळ्याखाली तीन सेकंद खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. तो सरकून जवळ आला, हाताला नाक लावलं, तर पुन्हा तीन सेकंद. तो तसाच बसून राहिला किंवा तोंड फिरवलं, तर आज नको. तो झोपलेला असताना, जेवताना, टेबलाखाली असताना त्याच्याकडे जायचं नाही. आणि डॉक्टरांचं निदान होईपर्यंत दोघांना एकटं ठेवू नका, कितीही विश्वास असला तरी.

दवाखान्यात गेल्यावर ‘हा विचित्र वागतो’ असं सुरू करू नका. ‘आठ वर्षांचा आहे, तीन महिन्यांत या सहा गोष्टी बदलल्या’ असं म्हणून वही पुढे करा, व्हिडिओ दाखवा. सांधे आणि पाठ हातानं तपासून घ्यायला सांगा, तोंड आणि कानही. लघवी, रक्त, त्यात थायरॉइड. एक्स-रे लागतील का ते त्यांनाच ठरवू द्या. तपासणीत काही ठोस मिळालं नाही तरी एक प्रश्न जरूर विचारा: कुत्र्यांचं वेदनाशामक काही आठवडे देऊन बघता येईल का? तो आतल्या खोलीत जायला लागला, चमचा पडल्यावर नुसता वळून बघायला लागला, तर उत्तर मिळालंच. मात्र त्याच्या पोटाची शंका त्यांना आधी सांगा, कारण यातली काही औषधं पोटाला बाधतात.

काही गोष्टी मात्र वहीत लिहीत बसायच्या नसतात, लगेच उचलून न्यायचं असतं. भिंतीला डोकं टेकवून, दाबून उभं राहणं. झटका येणं. पोट फुगलंय, उलटीचे उमाळे येतायत पण काही पडत नाही. लघवीला जोर करतोय पण होत नाही. एकाएकी दिसेनासं झाल्यासारखं धडपडणं. आणि लस न झालेला किंवा लस चुकलेला कुत्रा अचानक बिथरला, लाळ गळतेय, गिळता येत नाहीये, तर रेबीज धरून चालायचं, त्याच्या तोंडात हात घालायचा नाही. तो कुणाला चावला किंवा ओरबाडला असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवायची आणि त्या माणसाला तडक डॉक्टरांकडे न्यायचं. भुऱ्याची लस झालेली आहे, तुमच्यासाठी हे लिहीत नाहीये. पण हे सदर इतरही वाचतात.

त्या इतरांसाठी अजून दोन ओळी, कारण मला सगळ्यात जास्त पत्रं नेमकी ज्यात काळजीचं काही नसतं त्याबद्दल येतात. कुत्रा गवत खातो: बहुतेक सगळेच खातात, आणि २००८ च्या एका पाहणीत गवत खाण्याआधी बऱ्याचदा आजारी दिसणारे कुत्रे १० टक्क्यांहूनही कमी होते. झोपेत पाय मारतो, बारीक भुंकतो: स्वप्न असावं. हाक मारल्यावर जागा झाला आणि ओळख दाखवली की चिंता मिटली. शी करायच्या आधी गोल गोल फिरतो: यावर तर ७० कुत्र्यांच्या १,८९३ वेळच्या नोंदी घेऊन शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवलं की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल तेव्हा कुत्रे उत्तर-दक्षिण बसणं पसंत करतात. का, ते कुत्र्यांनाच ठाऊक. तुम्ही पिशवी घेऊन उभे राहा.

ताई, डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत भुऱ्याला ओढून, उचलून किंवा खाऊच्या आमिषानं आतल्या खोलीत न्यायचं नाही. सोफ्यावर चढायला उडी लागत असेल तर एक बुटकी, न हलणारी पायरी ठेवा. नखं वाढली असतील तर कापा, तळव्यांच्या गाद्यांमधले केस वाढले असतील तर तेही, केसांवरून पाय आणखी घसरतो. झोपायला जाड गादी द्या. आणि ते गालिचे बाहेर काढा. नुसते टाकू नका, खाली रबराची जाळी घाला, नाहीतर गालिचाच सरकेल आणि आपण जिथं होतो तिथंच राहू. दारापासून आतपर्यंत सलग पट्टा करा, मध्ये फरशीची फट नको. मग काही बोलावणं नाही, काही नाही, तुम्ही आत जाऊन पुस्तक वाचत बसा आणि फोन दाराकडे तोंड करून जमिनीवर ठेवा. तो व्हिडिओ मला पाठवा.